ब्लॅकचा वर्ग किडीची जागा सांगतो, दात किती कापायचा ते नाही

प्रश्न असा आहे: "मी नाशिकलाच बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्लॅकचे वर्ग तोंडपाठ आहेत, पण उपटलेला दात हातात आला की कुठला वर्ग तेच सुचत नाही. प्रीक्लिनिकलला, म्हणजे पेशंट हाती येण्याआधीच्या सरावात, क्लास टूची बॉक्स, म्हणजे चौकोनी खड्डा, मापात कापायला लावतात. सीनियर म्हणतात, हे सगळं जुनं झालं, क्लिनिकमध्ये आता कुणी असं कापत नाही. मग नेमकं काय शिकायचं आणि कशासाठी?"

तुझा गोंधळ मला समजतो, कारण आपल्याकडे दोन वेगळे प्रश्न एकाच तासाला, एका दमात शिकवले जातात. कीड दाताच्या कुठल्या भागावर आहे, हा पहिला प्रश्न. तिथे दात किती आणि कसा कापायचा, हा दुसरा. ब्लॅकचे वर्ग, म्हणजे जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्याने किडीच्या जागेवरून पाडलेले गट, फक्त पहिल्याचं उत्तर देतात. दुसऱ्याचं उत्तर कीड किती खोल गेलीय, तू भरणार काय आहेस आणि उरलेला दात चावण्याचा भार पेलेल का, यावर ठरतं. "क्लास टू आहे म्हणजे अशीच बॉक्स" हे समीकरण ब्लॅकच्या काळात चालून जायचं, कारण तेव्हा भरायला मुख्यतः सोनं आणि अमालगम, म्हणजे पारा आणि चांदीचं मिश्रण, हेच होतं. आज वर्ग तेच आहेत, समीकरण मात्र मोडलंय. सीनियर म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे. बाकीचं खरं का नाही, ते पुढे सांगते.

आधी वर्ग ओळखण्याचं. दात हातात घेतलास की पाठांतर बाजूला ठेव आणि एकच बघ: कीड खाचेत किंवा खड्ड्यात सुरू झालीय की गुळगुळीत पृष्ठभागावर? खाच-खड्डा असेल तर क्लास वन, मग तो तोंडात कुठेही असो. मुलं अडकतात ती इथेच. दाढेचा चावण्याचा पृष्ठभाग सगळ्यांना आठवतो. पण खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या बाजूचा बारीक खड्डा, वरच्या दाढेवरून टाळूकडे उतरणारी खाच, आणि वरच्या पुढच्या दातांच्या, विशेषतः १२ आणि २२च्या (मधल्या दोन दातांच्या शेजारचे उजवा आणि डावा दात), टाळूकडच्या अंगाचा खड्डा, हेही क्लास वनच. १२च्या मागचा तो खड्डा ओपीडीत सहज नजरेतून सुटतो. आरसा तिरपा धरून, दात हवेने कोरडा करून बघितल्याशिवाय तो दिसत नाही.

गुळगुळीत पृष्ठभाग असेल तर पुढचा प्रश्न: दोन दातांच्या मधल्या बाजूला की हिरडीलगत? मधल्या बाजूला असेल आणि दात दाढ किंवा उपदाढ असेल तर क्लास टू. वरून उघडली, एका बाजूने गेली की दोन्ही बाजूंनी गेली, तरी वर्ग टूच राहतो. पुढच्या दाताच्या मधल्या बाजूला असेल आणि कडेचा कोपरा शाबूत असेल तर क्लास थ्री, कोपरा गेला असेल तर क्लास फोर. सुळा पुढच्या दातांत मोजायचा, हे विसरू नकोस. ३३च्या, म्हणजे खालच्या डाव्या सुळ्याच्या, उपदाढेकडच्या बाजूची कीड क्लास थ्री आणि तिला खेटून असलेल्या ३४च्या, म्हणजे पहिल्या उपदाढेच्या, सुळ्याकडच्या बाजूची क्लास टू, अशी जोडी एकाच पेशंटमध्ये कितीदा तरी दिसते. हिरडीलगतच्या एक तृतीयांश भागात, गालाकडून किंवा जिभेकडून, कुठल्याही दातावर असेल तर क्लास फाइव्ह. म्हणजे दाढेच्या गालाकडच्या एकाच बाजूवर वरच्या भागातला खड्डा क्लास वन आणि खालचा पट्टा क्लास फाइव्ह असू शकतो. पुढच्या दाताची धार किंवा दाढेच्या उंचवट्याचं टोक गेलं असेल तर क्लास सिक्स. हा सहावा वर्ग मूळ ब्लॅकचा नाही, तो नंतर जोडला गेला. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हे हमखास विचारतात.

एक गोष्ट मात्र नीट वेगळी ठेव. वर्ग सांगितला म्हणजे कीड सिद्ध झाली असं नाही. गाडीवरून पडून ११चा, म्हणजे वरच्या उजव्या मधल्या दाताचा, कोपरा तुटला, तर आपण जे भरतो त्याला क्लास फोर म्हणतो, पण तिथे कीड नव्हतीच. आपल्या जिल्ह्यात गावाकडून येणाऱ्या कितीतरी आजी वर्षानुवर्षं मशेरी लावतात. त्यांच्या सुळ्यांच्या आणि उपदाढांच्या मानेला पाचरीसारख्या खाचा पडलेल्या असतात. प्रोब, म्हणजे दात चाचपायची बारीक सळई, फिरवून बघ: पृष्ठभाग कडक, चकचकीत, प्रोब घसरतो. ती झीज आहे, कीड नाही. जागा क्लास फाइव्हची, म्हणून भरताना आपण क्लास फाइव्ह लिहितो, पण तिथे कापायला काहीच नसतं. दात आंबत असेल किंवा खाच खोल असेल तर स्वच्छ करून ग्लास आयनोमर (दाताला चिकटणारं सिमेंट) किंवा कंपोझिट (दाताच्या रंगाचं रेझिन) भरायचं आणि मशेरीबद्दल, घासण्याच्या पद्धतीबद्दल बसून बोलायचं. मशेरीतली तंबाखू हा तर त्याहून मोठा धोका आहे, म्हणून त्या आजींचा गाल आणि जीभही नीट तपासायची.

आता वर्ग जागेवरून का पाडले, ते समजलं की अर्धी तयारी आपोआप समजते. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कडक कवच, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. तोंडातला पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं, लाळेने पीएच वर आला की खनिज परत बसायला लागतं. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये काम करणारे पेशंट दर दीड-दोन तासांनी गोड चहा घेतात. दर वेळी तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि पीएच खाली जातो. त्यांच्या दातांना सावरायला वेळच मिळत नाही. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, याला जास्त महत्त्व आहे ते यामुळेच.

कीड आत शिरते ती इनॅमलच्या दांड्यांच्या दिशेने. गुळगुळीत पृष्ठभागावर ती वर रुंद सुरू होते आणि इनॅमल आणि त्याच्या आतला थर डेंटीन यांच्या सांध्याकडे, म्हणजे डीईजेकडे, निमुळती होत जाते. खाचेत उलट. वरचं तोंड अरुंद आणि डीईजेपाशी पाया रुंद. सांध्यावर पोचली की दोन्हीकडे ती आडवी पसरते, कारण डेंटीन मऊ आहे आणि त्यात पल्पकडे, म्हणजे दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याकडे, जाणाऱ्या नळ्या आहेत. तिथून पुढे डेंटीनमधला त्रिकोण पल्पकडे टोक करून जातो.

म्हणून खालच्या पहिल्या दाढेत वर फक्त काळी रेघ दिसते आणि आत अख्खं डेंटीन मऊ पडलेलं असतं. वरचं इनॅमल शाबूत वाटतं, पण त्याच्या खालचा आधार गेलेला असतो. पावसाळ्यात खालची माती वाहून गेलेला डांबरी रस्ता वरून धड दिसतो आणि एखादं जड चाक आलं की खचतो, तसं हे इनॅमल एक दिवस सुपारी किंवा शेंगदाणा चावताना तुटतं. पेशंट येऊन सांगतो, "काल दात एकदम तुटला." तो एकदम तुटलेला नसतो. आधार नसलेलं इनॅमल भार येणाऱ्या जागी ठेवायचं नाही, हा नियम तू पाठ केला असशील. त्यामागचं कारण हे आहे.

ही पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्या जागी आधी कुठलाही दात पडलेला नसतो, त्यामुळे आयांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे ना डॉक्टर, मग कशाला भरायची?" हे वाक्य तू ऐकशील. ४६ किंवा ३६, म्हणजे खालची उजवी किंवा डावी पहिली दाढ, बघितलीस की आईला तिथल्या तिथे आरशात दाखव आणि सांग, ही आयुष्यभराची आहे.

आता ब्लॅककडे वळू. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक, जन्म १८३६, मृत्यू १९१५, काम अमेरिकेत इलिनॉयमध्ये. 'प्रतिबंधासाठी विस्तार' हा विचार त्यांनी १८९१मध्ये मांडला. १९०८मध्ये त्यांचं दोन खंडांचं पुस्तक आलं आणि त्यातली शिस्त जगभर पसरली. त्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे, पण त्यांच्यासमोर काय होतं ते बघ. क्ष-किरणांचा शोधच १८९५चा, दोन दातांमधली सुरुवातीची कीड दाखवणारे एक्स-रे दूरच. फ्लोराइडची टूथपेस्ट बाजारात स्थिरावायला १९५०चं दशक उजाडलं. दाताला चिकटणारं कुठलंही मटेरियल नव्हतं. भरलेल्या फिलिंगच्या कडेला परत कीड लागायची, म्हणून कड अशा जागी न्यायची जिथे ती घासण्याने स्वच्छ राहील. सगळ्या खाचा कापून आत घ्यायच्या, दोन दातांमधली कड संपर्काच्या बाहेर काढायची. त्या परिस्थितीत हा निर्णय योग्य होता. परिस्थिती बदलल्यावरही तोच आकार कापत राहणं, हे मात्र आपलं चुकतं.

त्यांच्या पायऱ्या तुला येतातच: बाह्यरेषा, भार पेलणारा आकार, भरलेलं जागेवर राहील असा आकार, काम करायला सोयीचा आकार, उरलेली कीड काढणं, इनॅमलच्या भिंती नीट करणं आणि शेवटी कॅव्हिटी, म्हणजे कापलेला खड्डा, धुऊन स्वच्छ करणं. यातल्या प्रत्येक पायरीपुढे 'कशासाठी' लिहून बघ. काही कारणं दाताची आहेत, काही अमालगमची. दाताची कारणं आजही लागू आहेत, अमालगमची अमालगम भरताना.

अमालगमचा क्लास वन घे. अमालगम दाबाला घट्ट, पण पातळ थर किंवा पातळ कड ठिसूळ. म्हणून त्याला किमान १.५ मिमी जाडी लागते, आणि बाहेरच्या कडेला दाताचा पृष्ठभाग आणि कॅव्हिटीची भिंत यांचा कोन ९० अंशांच्या जवळ हवा. कोन तिरपा सोडलास तर अमालगमची जीभ पातळ होते आणि तुटते. ते दाताला चिकटत नाही, म्हणून भिंती वरच्या बाजूला किंचित जवळ येणाऱ्या हव्यात. तळ सपाट हवा, म्हणजे चावताना भार सरळ खाली जातो आणि फिलिंग हलत नाही. आतले कोपरे गोलसर हवेत, टोकदार कोपऱ्यात ताण साठतो आणि तिथूनच दात तडकतो.

मापं लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे बर, दात कापायचं फिरतं टोक, हीच तुझी मोजपट्टी. २४५ नंबरच्या बरचं डोकं ३ मिमी लांब आणि ०.८ मिमी रुंद. अर्धं डोकं आत गेलं की मधल्या खाचेपाशी १.५ मिमी झाले. त्या खोलीला तू डीईजेच्या किंचित आत, साधारण ०.२ ते ०.५ मिमी डेंटीनमध्ये असतेस. बर दाताच्या उभ्या अक्षाला समांतर धर, सगळ्यात किडलेल्या खड्ड्यातून आत जा आणि खोली तीच ठेवून पुढे सरक. रुंदी दोन उंचवट्यांच्या टोकांमधल्या अंतराच्या एक चतुर्थांशाइतकी ठेवता आली तर उत्तम. जितकी रुंद कापशील तितके उंचवटे दुबळे होतात. मार्जिनल रिजजवळ, म्हणजे चावण्याच्या पृष्ठभागाच्या कडेच्या उंच पट्टीजवळ, आलीस की हात थांबव: उपदाढेत किमान १.६ मिमी आणि दाढेत २ मिमी रिज उरायला हवी, आणि तिथली भिंत किंचित बाहेरच्या बाजूला उतरती ठेव, नाहीतर रिजच्या खालचं डेंटीन तूच काढून टाकशील.

दोन दात या नियमात बसत नाहीत आणि परीक्षक तेच देतात. खालची पहिली उपदाढ: तिचा जिभेकडचा उंचवटा अगदी लहान आणि गालाकडचा पल्प हॉर्न, म्हणजे पल्पचं वर गेलेलं टोक, उंच. तिथे बर सरळ धरलास तर पल्पच्या फार जवळ जाशील, म्हणून तो जिभेकडे तिरका करायचा. आणि वरची पहिली दाढ: मधून जाणारी तिरपी रिज कीड नसेल तर कापायची नाही. पुढची आणि मागची अशा दोन वेगळ्या कॅव्हिटी ठेवायच्या. ती रिज दाताला मोठा आधार देते.

क्लास टूवर जरा थांबते, कारण इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि ते भरायच्या दातापेक्षा शेजारच्या दाताचं होतं. एअरोटर, म्हणजे हवेवर चालणारं ड्रिल, मिनिटाला तीन लाखांच्या पुढे फेरे घेतो. संपर्काच्या जागी तो एक क्षण जरी घसरला तरी शेजारच्या दाढेच्या इनॅमलवर ओरखडा पडतो. त्या ओरखड्यात प्लाक, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतो आणि काही वर्षांनी तिथे नवी क्लास टू उभी राहते. म्हणून बॉक्स खाली नेताना बर सगळा डेंटीनमध्ये किंवा सगळा इनॅमलमध्ये ठेवायचा नाही. डीईजेवर धरायचा, दोन तृतीयांश डेंटीनच्या बाजूला आणि एक तृतीयांश इनॅमलच्या. बाहेर इनॅमलचं पातळ कवच तसंच सोडायचं. कापणं संपलं की ते कवच हॅचेट नावाच्या हातहत्याराने हलकेच मोडून काढायचं. टायपोडाँटवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम जबड्यावर, करतानाही शेजारच्या दाताला मॅट्रिक्स बँडचा, म्हणजे धातूच्या पातळ पट्टीचा, तुकडा लावायची सवय लावून घे. पेशंटवर ती सवयच कामाला येते.

बॉक्सचा तळ शेजारच्या दातापासून साधारण अर्धा मिलिमीटर सुटलेला हवा. उभी आतली भिंत सपाट कापू नकोस, दाताच्या बाहेरच्या गोलाईप्रमाणे ती वळती हवी, नाहीतर मधेच पल्पच्या जवळ जाते. वरचा तळ आणि ही भिंत जिथे मिळतात तो कोपरा गोल कर. अमालगमचे क्लास टू तुटतात ते बहुतेक याच पट्ट्यात. कायमच्या दातांत हिरडीकडच्या इनॅमलच्या दांड्या खाली झुकलेल्या असतात, म्हणून तिथली कड ट्रिमर नावाच्या हातहत्याराने किंचित उतरती करायची. दुधाच्या दातांत त्या दांड्या वर झुकलेल्या असतात, तिथे ही पायरी लागत नाही.

आणि कापून झालं म्हणजे क्लास टू झाला असं नाही. बँड आणि पाचर नीट बसली नाही तर हिरडीत मटेरियलचा लोंबता तुकडा राहतो आणि हिरडी रोज रक्ताळते. किंवा संपर्क सैल राहतो आणि पेशंट दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणतो, "दाढ दुखत नाही, पण मेथीची भाजी रोज तिथेच अडकते." दातातली कीड काढली आणि अन्न अडकायची जागा करून दिली, तर आपण त्याचा फायदा केला असं म्हणता येणार नाही. फ्लॉस टक्कन आवाज करून आत गेला पाहिजे आणि न फाटता बाहेर आला पाहिजे.

आता सीनियरांचा मुद्दा. १९५५मध्ये ब्युनोकोर यांनी इनॅमलला ॲसिड लावून रेझिन चिकटवता येतं हे दाखवलं आणि १९६०च्या दशकात बोवेन यांच्या रेझिनमधून आजचं कंपोझिट घडलं. मटेरियल दाताला चिकटायला लागलं तसा भिंती आत झुकवण्याचा, तळ सपाट करण्याचा, ठरावीक खोली गाठण्याचा मुद्दा मागे पडला. कंपोझिटसाठी तू किडीपर्यंत पोचण्याएवढी वाट करतेस, कीड काढतेस, भार येणाऱ्या जागचं निराधार इनॅमल काढतेस आणि थांबतेस. खोली एकसारखी नसली तरी चालते. पुढच्या दातांत, थ्री आणि फोरमध्ये, समोरच्या इनॅमलची कड तिरपी केलीस तर दांड्यांची टोकं उघडी पडतात, चिकटही चांगली बसते आणि रंगाची रेघ दिसत नाही. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर मात्र कड तिरपी करायची नाही, तिथे कंपोझिटचा पातळ पदर चावताना तुटतो.

अमालगम पाऱ्यामुळे जगभर कमी होत चाललंय. पाऱ्याच्या वापराबद्दलच्या २०१३च्या मिनामाता करारात ते टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५पासून काही अपवाद सोडून ते बंद केलं. तरी त्याची कॅव्हिटी कापायला शिकवणं बंद करू नये, या मताची मी आहे. ०.८ मिमीच्या बरने दीड मिलिमीटर खोल, सपाट तळ ठेवून ज्याला जाता येतं, त्यालाच हव्या त्या ठिकाणी थांबताही येतं. हाताला थांबणं शिकवणारा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. फक्त विद्यार्थ्याला सांगितलं पाहिजे की हा आकार अमालगमसाठी आहे, सगळ्या किडींसाठी नाही.

कंपोझिटची अडचण दुसरीकडे आहे. दात कमी कापावा लागतो, पण भरताना अंगचोरपणा अजिबात चालत नाही. ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड इनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटीनवर १५च्या पुढे नाही. डेंटीन खडखडीत वाळवायचं नाही, ओलसर ठेवायचं. थर २ मिमीपेक्षा जाड नको, आणि तिरपे लाव, म्हणजे एकाच थराने समोरासमोरच्या भिंती ओढल्या जात नाहीत. क्लास वनमध्ये मटेरियल पाच भिंतींना चिकटतं आणि एकच बाजू मोकळी असते, त्यामुळे आकसण्याचा ताण तिथे सगळ्यात जास्त येतो. दिसायला सोप्या, खोल क्लास वनमध्ये भरल्यानंतर चावताना कळ येते, त्याचं एक कारण हे आहे. आणि लाळ लागली की सगळं वाया. शक्य तिथे रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा, लाव. हिरडीच्या खाली गेलेली, रक्त-लाळ आवरत नाही अशी क्लास फाइव्ह असेल तर मी कंपोझिटचा हट्ट धरत नाही, ग्लास आयनोमर भरते. विल्सन आणि केंट यांचं हे सिमेंट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं. ते दाताला रासायनिकरीत्या चिकटतं आणि फ्लोराइड सोडतं. चकाकी कमी असेल, पण अशा जागी तेच टिकतं.

सगळ्यात मोठा बदल मात्र कीड काढण्याच्या पायरीत झालाय, आणि तो मटेरियलपेक्षाही महत्त्वाचा आहे. "कडक, पांढरं डेंटीन लागेपर्यंत कोर" असं पूर्वी शिकवायचे. आता किडलेल्या डेंटीनचे थर वेगळे ओळखायचे. ते डोळ्यांपेक्षा हाताला कळतात. स्पून एक्सकॅव्हेटर, म्हणजे चमच्यासारखं खरवडायचं हत्यार, घे आणि हलक्या हाताने आडवा ओढ. बाहेरचा थर ओल्या पापुद्र्यांसारखा निघतो, दाब लागतच नाही. त्याच्या खाली चामड्यासारखा थर लागतो, तो चिवट तुकड्यांत निघतो. त्याखाली घट्ट डेंटीन, जे काढायला जोर लावावा लागतो. आणि शेवटी कडक, जिथे एक्सकॅव्हेटर ओढला की करकर आवाज येतो. रंगावर विश्वास ठेवू नकोस. थांबलेल्या किडीखालचं डेंटीन गडद तपकिरी आणि तरीही कडक असू शकतं.

समज, निफाडहून आलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा आहे, ३६ खोल किडलेली, थंड पाण्याने कळ येते पण काही सेकंदांत जाते, रात्री ठणकत नाही, चावताना दुखत नाही. एक्स-रेत कीड पल्पच्या अगदी जवळ. म्हणजे पल्प जिवंत आहे आणि सावरू शकतो. इथे आधी कडेने साफ करायचं. डीईजेपाशी चारही बाजूंनी कडक डेंटीन आणि धड इनॅमल लागेपर्यंत, कारण फिलिंगचं सील तिथे बसणार आहे. पल्पवरच्या तळाला मात्र मऊ डेंटीनचा थर राहू द्यायचा. तो खरवडून पल्प उघडण्यात काहीही शहाणपण नाही. वरून सील घट्ट बसलं की उरलेल्या जंतूंना अन्न मिळत नाही, कीड थांबते आणि पल्प आतून नवं डेंटीन घालतो. २०१६मध्ये किडीच्या उपचारांवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने हेच मार्गदर्शन एकमताने मांडलं. उथळ आणि मध्यम किडीत तळाला घट्ट डेंटीनपर्यंत जायचं, खोल किडीत मऊवर थांबायचं. हाच मुलगा "रात्रभर ठणकते, झोप येत नाही" म्हणाला असता तर विचार वेगळा करावा लागला असता, बहुधा रूट कॅनॉलचा.

यामुळे मोठ्या माणसांच्या तोंडून येणारा आग्रह आपल्याला नम्रपणे नाकारावा लागतो. "डॉक्टर, सगळी कीड काढा हं, जरासुद्धा ठेवू नका." त्यांना एक्स-रे दाखव, पल्प किती जवळ आहे ते दाखव, आणि साध्या भाषेत सांग की आत ठेवलेला थर बंद करून टाकणार आहोत. बहुतेकांना ते पटतं.

आणि जिथे कापायचंच नाही, त्याबद्दल. कोरडं केल्यावर दिसणारा पांढरा डाग, खडबडीत न झालेलं इनॅमल, खाचेतली जुनी तपकिरी रेघ, यांना वर्ग देऊन बर लावू नकोस. आयसीडीएएस म्हणून किडीची पायरी ठरवायची पद्धत आहे, शून्य ते सहा. एक म्हणजे हवेने वाळवल्यावरच दिसणारा बदल, दोन म्हणजे ओल्या दातावरही दिसणारा, तीन म्हणजे इनॅमल तुटलेलं पण डेंटीन दिसत नाही, चार म्हणजे खालून सावली, पाच-सहा म्हणजे उघडी कॅव्हिटी. एक आणि दोनला फ्लोराइड, खाण्याच्या सवयी, खोल खाचा बुजवायला सीलंट आणि तपासणी, एवढंच. टोकदार एक्सप्लोरर खाचेत दाबून "अडकतो का" बघायची सवय सोड. त्या दाबाने कमकुवत इनॅमल तूच फोडतेस. गोल टोकाचा प्रोब हलकेच फिरव. माउंट आणि ह्यूम यांनी १९९७मध्ये जागेबरोबर किडीचा आकारही सांगणारं वर्गीकरण मांडलं, ते पुढच्या वर्षी वाचशील. त्यात जागा तीनच आहेत आणि 'किती मोठी' हा प्रश्न वर्गातच आलाय.

परीक्षेसाठी ब्लॅक आणि अमालगमची मापं पक्की ठेव, आरोग्य विद्यापीठाच्या पेपरात ती विचारली जातातच. लिहिताना प्रत्येक मापाला एक कारण जोड. परीक्षक "तळ सपाट का?" विचारेल तेव्हा "क्लास वन आहे म्हणून" असं उत्तर देऊ नकोस, भार आणि मटेरियल सांग.

सरावासाठी खरोखर किडलेले उपटलेले दात जमव. निर्जंतुक करून पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेव. वाळलेला दात ठिसूळ होतो, त्यावर हाताला चुकीचा अंदाज बसतो. आधी वर्ग वहीत लिही, मग कॅव्हिटी कर. झाली की चष्मा आणि मास्क लावून तोच दात डिस्कने पाणी सोडत उभा काप आणि आतून बघ: पल्प हॉर्नवर किती डेंटीन उरलं, डीईजेपाशी कीड राहून गेली का, आणि कुठली भिंत गरज नसताना गेली. उरलेलं डेंटीन पट्टीने मोजून ते माप वहीतल्या वर्गासमोर लिहीत जा.